विश्लेषण : गाडीचे व्हील बेअरिंग घरीच बदलता येते का? कोणते येते, कोणते नाही?

पावसाळा संपत आला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘साठच्या पुढे गाडी गेली की चाकातून घूं-घूं आवाज येतो.’ बहुतेक वेळा दोष निघतो व्हील बेअरिंगचा. दुरुस्तीचे व्हिडीओ पाहून अनेक वाहनमालक आता हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच करू पाहतात. व्हिडीओत काम अर्ध्या तासात उरकते. प्रत्यक्षात ते सोपे आहे की अशक्य, हे हिमतीवर ठरत नाही. तुमच्या गाडीत बेअरिंग कोणत्या पद्धतीने बसवले आहे, यावर ते ठरते. चाक शरीराचा भार वाहते आणि ब्रेकही त्याच जागी असतो. त्यामुळे इथली चूक म्हणजे केवळ वाया गेलेला रविवार नव्हे. घरी काय करावे, काय करू नये आणि गॅरेजमध्ये कोणते प्रश्न विचारावेत, याचा हा आढावा.

व्हील बेअरिंग नेमके काय करते?

चाक फिरते, पण ते ज्या भागाला जोडलेले असते तो भाग फिरत नाही. या दोहोंच्या मध्ये बेअरिंग असते. पोलादाच्या दोन कड्या, त्यांच्यामध्ये गोळ्या किंवा रोलर, आत ग्रीस आणि दोन्ही बाजूंना रबरी सील, अशी त्याची साधी रचना. आजच्या बहुतेक मोटारींत गोळ्यांच्या दोन रांगा असलेले, कायमचे सीलबंद बेअरिंग असते. त्यात वरून ग्रीस भरण्याची सोय नसते आणि गरजही नसते.

त्याच्यावर पडणारे काम किती असते, हे एका हिशेबावरून कळेल. १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर भरतो. म्हणजे एका किलोमीटरला चाक ५०० हून अधिक फेरे घेते. ताशी ८० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ६८५ फेरे होतात. ५० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे प्रत्येक चाक अडीच कोटींहून अधिक वेळा फिरलेले असते. हे सगळे फेरे गाडीच्या वजनाचा वाटा डोक्यावर घेऊन, वळणावर आडवा रेटा सोसून आणि खड्ड्यांचे हिसके खाऊन झालेले असतात.

मग ते खराब का होते?

पहिले कारण भार. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हे यंत्रअभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातील मूलभूत सूत्र आहे. भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मे होत नाही, एक अष्टमांश होते. भार नुसता २० टक्क्यांनी वाढला तरी आयुष्य जवळपास ५८ टक्क्यांवर येते. कायम ओव्हरलोड चालणारी गाडी किंवा बाहेर जास्त डोकावणारी रुंद अलॉय चाके बसवलेली गाडी बेअरिंग लवकर का खाते, याचे उत्तर या गणितात आहे.

दुसरे कारण धक्का. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटले की तो मार गोळ्यांतून कडीपर्यंत जातो. गोळी आणि कडी एकमेकींना अगदी लहान जागेत टेकतात, त्यामुळे तिथला दाब प्रचंड असतो. कडीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक खळगा पडतो. पुढे प्रत्येक फेऱ्यात गोळ्या त्या खळग्यावरून जातात आणि आवाज सुरू होतो.

तिसरे कारण पाणी. आपल्याकडे त्याचा वाटा मोठा आहे. लांब पल्ला मारून आलेल्या गाडीचा हब तापलेला असतो. तो साचलेल्या पाण्यात बुडाला की एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि जुन्या सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधाळ होते, गंज धरतो. नुकसान जुलैमध्ये होते आणि आवाज दिवाळीत ऐकू येतो. म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड बहुतेकांना लागत नाही.

चौथे कारण मात्र माणसाने ओढवलेले असते. ते म्हणजे चुकीच्या पद्धतीने बसवलेले नवे बेअरिंग. त्याकडे पुढे येऊ.

आवाज बेअरिंगचा की टायरचा?

सर्वाधिक गल्लत इथे होते. टायर असमान झिजला तरी असाच घुमणारा आवाज येतो आणि चांगले बेअरिंग नाहक बदलले जाते. काही साध्या खुणा लक्षात ठेवता येतील.

• आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो का? मोकळ्या रस्त्यावर गिअर न्यूट्रल केला, इंजिनाचा आवाज उतरला, तरी घरघर तशीच राहिली तर दोष इंजिनात नाही, चाकांकडे आहे.

• रस्ता बदलला की आवाज बदलतो का? काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरावर आल्यावर आवाज स्पष्टपणे कमी झाला, तर संशय टायरवर घ्यावा. बेअरिंगचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाची फारशी पर्वा करत नाही.

• वळणावर काय होते? गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला आणि डावीकडे वळताना कमी झाला, तर बहुधा डाव्या बाजूचे बेअरिंग दोषी असते. डावीकडे वळताना वाढला तर उजव्या बाजूचे. ही खूण नेहमीच अचूक ठरत नाही, पण शोधाची दिशा देते.

• स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट आवाज येत असेल, तर तो बहुधा ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा. ब्रेक दाबल्यावरच किंचाळणारा आवाज ब्रेक पॅडचा.

• डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला असेल, तर तोही बेअरिंगशी संबंधित असू शकतो. अनेक नव्या गाड्यांत चाकाचा वेग मोजणारी चुंबकीय पट्टी बेअरिंगच्या सीलमध्येच असते. बेअरिंगला ढिलेपणा आला की सेन्सरला मिळणारा संकेत बिघडतो.

टायरची शंका उरली असेल तर पुढचे आणि मागचे टायर आपसात बदलून पाहावेत. आवाजाने जागा बदलली तर बेअरिंगला हात लावायचे कारण नाही.

जॅकवर चढवून काय तपासायचे?

ही तपासणी प्रत्येक वाहनमालकाने शिकावी अशी आहे. जागा सपाट आणि पक्की हवी. उतारावरचे पार्किंग किंवा पेव्हर ब्लॉक उखडलेली जागा चालणार नाही. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी. गाडीसोबत मिळणारा जॅक केवळ पंक्चर चाक बदलण्यापुरता असतो. तो उचलण्यासाठी वापरला, तरी भार जॅक स्टँडवर उतरवल्याशिवाय काम सुरू करू नये. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालायचा नाही.

आता चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ च्या जागी, दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवावे. ‘टक-टक’ करत प्ले जाणवला तर दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि चाक पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनच्या दुसऱ्या सांध्याचा. पुढच्या चाकाला फक्त ९ आणि ३ च्या जागी धरल्यावर प्ले जाणवत असेल तर टाय रॉड एंडकडे बघावे.

मग गिअर न्यूट्रल करून चाक हाताने फिरवावे आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हलकेच टेकवावा. खराब बेअरिंगची खरखर कानाच्या आधी बोटांना कळते. मागचे चाक तपासताना हँडब्रेक सोडावा लागतो, त्यामुळे पुढच्या चाकांची अडण आणखी महत्त्वाची. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर ती गिअरमध्ये ठेवावी. कोणत्याही परिस्थितीत इंजिन सुरू करून, गिअर टाकून हवेतले चाक फिरवू नये.

या टप्प्यापर्यंत खर्च जवळपास शून्य आहे. मात्र एवढे करून गॅरेजमध्ये गेलेला माणूस ‘आवाज येतोय, बघा जरा’ असे म्हणत नाही. ‘पुढच्या डाव्या चाकाला प्ले आहे, ब्रेक दाबला की जातो’ असे सांगतो. बिलाची सुरुवात तिथूनच बदलते.

तुमच्या गाडीत कोणत्या प्रकारचे बेअरिंग आहे?

घरी काम करायचे की नाही, याचा निर्णय या एका प्रश्नावर घ्यायचा. ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार टेपर रोलर बेअरिंगचा. यात शंकूच्या आकाराचे रोलर असतात. अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. ट्रक, ट्रेलर, जुन्या जीप आणि काही गाड्यांच्या मागच्या चाकांत ते अजूनही असते. ते उघडता येते, धुता येते, ग्रीस भरता येते आणि त्याचा ढिलेपणा नटने जुळवता येतो.

दुसरा प्रकार दाबून बसवायच्या बेअरिंगचा. चाकामागे नकल नावाचा ओतीव भाग असतो. त्याच्या गोल भोकात हे बेअरिंग प्रचंड दाबाने घट्ट बसवतात, सर्क्लिपने अडकवतात आणि मग त्याच्या आतल्या कडीत हब दाबून बसवतात. अनेक छोट्या हॅचबॅक आणि सेडान गाड्यांच्या पुढच्या चाकांत हीच रचना असते.

तिसरा प्रकार हब युनिटचा. यात बेअरिंग आणि हब एकच तयार तुकडा असतो. तो तीन किंवा चार बोल्टने नकलला किंवा मागच्या ॲक्सलला जोडलेला असतो. बोल्ट काढायचे, जुने युनिट काढायचे, नवे लावायचे.

एकाच गाडीत पुढे दुसरा आणि मागे तिसरा प्रकार असू शकतो. काही गाड्यांत मागचे बेअरिंग ब्रेक ड्रममध्येच बसवलेले असते. त्यामुळे ‘माझ्या मित्राने केले’ हा आधार पुरेसा नाही. गाडीचे मॉडेल, वर्ष आणि पुढचे की मागचे चाक, हे सांगून सुट्या भागांच्या दुकानात सुटा भाग डोळ्यांनी बघितला की उत्तर लगेच मिळते.

घरी कोणते काम करता येईल?

तिसऱ्या प्रकारचे काम, म्हणजे हब युनिट बदलणे, नीट अवजारे असलेल्या आणि ब्रेकचे काम आधी केलेल्या माणसाला घरी जमू शकते. क्रम साधारण असा असतो.

चाक जमिनीवर असतानाच मधला ॲक्सल नट केवळ सैल करून घ्यायचा. गाडी उचलल्यावर त्याच्यावर जोर लावला तर गाडी स्टँडवरून घसरू शकते. नट सैल झाला की गाडी पुढे-मागे ढकलू नये, कारण नट घट्ट नसताना बेअरिंगवर भार आला तर ते खराब होते. मग गाडी स्टँडवर घेऊन चाक काढायचे. ब्रेक कॅलिपर सोडवून तारेने स्प्रिंगला टांगायचा. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवणे म्हणजे पुढच्या बिघाडाची सोय करणे. कॅलिपर सुटा असताना कोणीही ब्रेक पेडल दाबणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

डिस्क काढावी, एबीएस सेन्सरची वायर सोडवावी आणि मागून बोल्ट काढावेत. युनिट गंजाने चिकटलेले असते. गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबणे हे हातोड्यापेक्षा चांगले. जुने युनिट निघाल्यावर बसण्याची जागा तारेच्या ब्रशने स्वच्छ करायची. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर हब किंचित तिरका बसतो आणि ब्रेक दाबताना पेडल थरथरते. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, कारण ती फुप्फुसांना घातक असते.

नवे युनिट बसवून सगळे बोल्ट आधी हाताने धरवायचे, मग आलटून पालटून आवळायचे. ॲक्सल नट नवाच घ्यायचा, कारण एकदा आवळून लॉक केलेला नट पुन्हा तितक्या खात्रीने धरत नाही. सगळे जोडून झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक पेडल घट्ट लागेपर्यंत काही वेळा दाबायचे. पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासायचे.

टेपर रोलर बेअरिंगचे कामही घरी होण्यासारखे आहे, पण त्यात एक उलटी खोच आहे. इथे नट जोरात आवळणे हाच दोष ठरतो. चाक फिरवत नट आवळायचा, मग पुस्तिकेत दिले असेल तितका मागे घ्यायचा आणि नवी कॉटर पिन घालायची. जास्त घट्ट ठेवले तर बेअरिंग तापून जळते. बाकीच्या दोन प्रकारांची सवय असलेले हात इथे चुकतात.

दाबून बसवायचे बेअरिंग घरी का नको?

कारण ते बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागते. घरात प्रेस नसते, हातोडा असतो. आणि बेअरिंगचा सर्वांत मोठा शत्रू हातोडा आहे.

नियम एकच आहे. जी कडी घट्ट बसवायची, जोर फक्त त्याच कडीवर द्यायचा. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या कडीवर हवा. हब दाबताना आतल्या कडीला मागून आधार हवा. यात अदलाबदल झाली तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि कड्यांवर खळगे पडतात. खड्डा जे नुकसान काही हजार किलोमीटरमध्ये करतो, ते हातोडा नवे बेअरिंग बसवतानाच करून टाकतो. दिसायला ते नवेच असते, हाताने गुळगुळीत फिरतेही. आवाज काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत येतो आणि दोष कंपनीला दिला जातो.

दुसरी अडचण काढताना येते. हब ओढून काढला की जुन्या बेअरिंगची आतली कडी बऱ्याचदा त्यालाच चिकटून येते. ती सोडवायला पुलर लागतो. छन्नीने ती फोडताना हबवर चरा पडला तर हबही गेला. शिवाय असे काढलेले बेअरिंग पुन्हा बसवता येत नाही. काम अर्धवट सोडले तर गाडी जागेवरच उभी.

तिसरी अडचण दिशेची. चुंबकीय पट्टी असलेल्या बेअरिंगला आतली आणि बाहेरची बाजू असते. उलटे बसले तर ते फिरेल, पण एबीएसचा दिवा विझणार नाही. मग सगळे पुन्हा काढायचे आणि नवे बेअरिंग आणायचे.

बोल्ट आणि सॉकेटने दाबण्याची जुगाडी साधने मिळतात. काही कुशल हात ती नीट वापरतातही. पण पहिल्यांदाच काम करणाऱ्याने गाडीच्या पुढच्या चाकावर हा प्रयोग करू नये, असेच म्हणावे लागेल.

मग मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो आपल्या शहरांत सहज उपलब्ध आहे. पुणे-पिंपरीपासून कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगरपर्यंत औद्योगिक वसाहतींच्या आसपास लेथ आणि प्रेस असलेली छोटी वर्कशॉप आहेत. ज्यांना सस्पेन्शनच्या कामाचा सराव आहे, त्यांनी नकल हबसह काढून अशा वर्कशॉपमध्ये न्यावा, बेअरिंग प्रेसवर बसवून घ्यावे आणि घरी येऊन जोडावा. मात्र नकल सस्पेन्शनपासून सुटा केला की चाकांचे कोन हलतात. त्यामुळे नंतर व्हील अलाइनमेंट करून घेणे टाळता येणार नाही. हा खर्च आधीच हिशेबात धरावा. तो धरल्यावर गॅरेजमध्ये थेट काम करून घेण्यातला आणि यातला फरक अनेकदा फार उरत नाही.

एका बाजूचे बेअरिंग गेले म्हणून दुसऱ्या बाजूचेही बदलायलाच हवे, असे नाही. ब्रेक पॅडसारखी इथे जोडीची सक्ती नसते. दुसऱ्या चाकात आवाज आणि प्ले नसेल तर ते राहू द्यावे.

टॉर्कच्या आकड्याला एवढे महत्त्व का?

‘जोर लावून टाइट केला’ हे वाक्य आपल्याकडे कामाची हमी म्हणून वापरले जाते. ॲक्सल नटच्या बाबतीत ते पुरेसे नाही. दाबून बसवलेल्या बेअरिंगमध्ये आतली कडी बहुधा दोन भागांची असते. ॲक्सल नट आवळला की हे दोन भाग एकमेकांवर दाबले जातात आणि गोळ्यांना नेमकी मोकळीक मिळते. नट सैल राहिला तर कड्या हलतात आणि बेअरिंग लवकर सुटते. गरजेपेक्षा जास्त आवळला तर आटे ताणले जातात.

छोट्या मोटारींत हा आकडा अनेकदा १५० ते २५० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असतो. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा आणि तोच पाळायचा. २०० न्यूटन-मीटर म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला साधारण २० किलो वजन टांगण्याएवढा पीळ. ६० किलोचा माणूस फूटभर लांबीच्या पान्यावर पूर्ण भार टाकून उभा राहिला तरी तो जेमतेम १८० पर्यंत पोहोचतो. तोच माणूस पान्याला मीटरभर पाइप लावून जोर देऊ लागला, तर ४०० कधी ओलांडले हे त्याला कळणारही नाही. हाताचा अंदाज इथे दोन्ही बाजूंना फसतो. म्हणून टॉर्क रेंच ही चैन नाही. ती नसेल तर हे काम घरी करू नये, आणि गॅरेजमध्ये ती नसेल तर गॅरेज बदलावे.

सुटा भाग अस्सल आहे हे कसे ओळखावे?

बेअरिंगचा बाजार मोठा असल्याने बनावट मालही फिरतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९०७ मध्ये सुरू झालेल्या एसकेएफचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडला आहे. जयपूरची एनबीसी हेही परिचित नाव. अशा नावाजलेल्या कंपन्यांच्या खोक्यांची नक्कल होते. खोक्यावरचा आणि बेअरिंगच्या कडीवर कोरलेला क्रमांक जुळतो का, अक्षरे पुसट किंवा वाकडी आहेत का, सील अखंड आहे का, हे बघावे. अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल घ्यावे. काही कंपन्यांनी सत्यता तपासण्यासाठी मोबाइल ॲप दिली आहेत, ती वापरावीत. ‘निम्म्या किमतीत तोच माल’ असे कोणी म्हणाले तर तो तोच माल नसतो. वॉरंटीतील गाडी असेल तर स्वतः काम करण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात.

हा आकडा वाहनमालकाला का मिळत नाही?

इथे प्रश्न तांत्रिक न राहता हक्काचा होतो. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत टायरमधील हवेचा दाब असतो, इंजिन ऑइलची प्रत असते. ॲक्सल नटचा टॉर्क मात्र सहसा नसतो. तो असतो कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये, आणि ते सर्वसामान्य ग्राहकापर्यंत किंवा कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत सरळ मार्गाने पोहोचत नाही. मग आकडा व्हिडीओखालच्या प्रतिक्रियांत शोधला जातो आणि तो दुसऱ्याच मॉडेलचा असतो.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये या प्रश्नाला हात घातला होता. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळू न देण्याच्या प्रकरणात आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. त्यानंतर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने, ही त्यातील चार क्षेत्रे. दिशा योग्य आहे. पण पोर्टलवर कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक आणि वॉरंटीची माहिती मिळणे वेगळे आणि चाक सुरक्षित बसवण्यासाठी लागणारा नेमका आकडा मिळणे वेगळे.

कंपन्यांचा युक्तिवाद असा असतो की अशी माहिती अप्रशिक्षित हातांत गेली तर अपघात होतील. तो वरवर पटतो, पण टिकत नाही. वॉरंटी संपलेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्या आजही रस्त्याकडेच्या गॅरेजमध्येच दुरुस्त होतात आणि पुढेही होतील. माहिती रोखल्याने ते काम थांबत नाही, फक्त अंदाजाने होते. अंदाजाने आवळलेल्या नटचा धोका त्या गाडीत बसलेल्यांना आणि तिच्या शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला सारखाच असतो. चाक, ब्रेक आणि स्टीअरिंग यांच्याशी संबंधित नट-बोल्टचे टॉर्क आणि कोणते नट पुन्हा वापरू नयेत याची यादी, एवढे तरी प्रत्येक मॉडेलसाठी कंपनीच्या संकेतस्थळावर खुले असायला हवे. त्यात कोणतेही व्यापारी गुपित नाही.

मग वाहनमालकाने काय करावे?

निदान स्वतः करावे, मग गाडी कोणतीही असो. हब युनिट असेल, स्टँड व टॉर्क रेंच असेल, कंपनीचा नेमका आकडा हाती असेल आणि ब्रेकच्या कामाचा अनुभव असेल, तर बदलण्याचे कामही घरी करावे. या चारपैकी एक गोष्ट जरी नसली तर थांबावे. दाबून बसवायचे बेअरिंग प्रेसवरच बसवून घ्यावे.

गॅरेजमध्ये काम देताना चार प्रश्न विचारावेत. बेअरिंग प्रेसवर बसवणार की हातोड्याने? ॲक्सल नट नवा टाकणार का? टॉर्क रेंच वापरणार का आणि आकडा किती? जुने बेअरिंग परत देणार का? चांगल्या मेकॅनिकला हे प्रश्न खटकत नाहीत. उलट त्याला समोरचा जाणकार आहे हे कळते आणि संवाद सोपा होतो.

आणि आवाज ऐकू आल्यावर टाळाटाळ करू नये. सुरुवातीच्या घरघरीत गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. प्ले वाढला की एबीएस गोंधळते, ब्रेक पेडल खोल जाऊ लागते, चाक डगमगते आणि टोकाच्या अवस्थेत ते निखळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. चाकाला हातात प्ले जाणवत असेल तर ती गाडी द्रुतगती मार्गावर किंवा घाटात नेऊ नये. आवाज ऐकू येऊ नये म्हणून म्युझिकचा आवाज वाढवणे हा यावरचा उपाय नाही.